सही करण्यापूर्वी चौथे पान वाचा

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.
मी मूळचा सांगलीचा. गेली चार वर्षे पेनसिल्व्हेनियातील एका लहान निवासी महाविद्यालयात गणित शिकवतो. टेन्युअरचा, म्हणजे कायम नेमणुकीचा, निर्णय व्हायला अजून दोन वर्षे आहेत. आमच्याकडे एकंदर साडेअकराशे विद्यार्थी असून आजवर येथे एकही फ्रॅटर्निटी किंवा सोरॉरिटी (ग्रीक अक्षरांची नावे घेणारी मुलांची आणि मुलींची मंडळे) नव्हती. यंदा चौदा मुली आणि नऊ मुलगे यांनी मिळून दोन्ही सुरू करण्याचा अर्ज डीनच्या कार्यालयात द्यायचे ठरवले आहे. अर्जावर सल्लागार म्हणून एका प्राध्यापकाची सही लागते, आणि त्यांतल्या पाच-सहा जणांना मी कॅल्क्युलस शिकवलेले असल्यामुळे ते माझ्याकडे आले. मुले गुणी आहेत. पण पदवीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः वसतिगृहात रॅगिंग सोसले आहे, त्यामुळे ‘हेझिंग’ (अशा मंडळांत नव्या सदस्यांचा होणारा छळ) हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो. पत्नीचे म्हणणे, मुलांचा हिरमोड करू नका. सहकारी म्हणतात, टेन्युअरच्या आधी असल्या भानगडीत पडू नका. मी सही करावी का? मुलांचा मसुदा सोबत पाठवत आहे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबतचा अकरा पानी मसुदा मी दोनदा वाचला. उत्तर आधी सांगते: मसुदा आज ज्या स्वरूपात आहे त्या स्वरूपात त्यावर सही करू नका, पण मुलांना नकार देऊन वाटेलाही लावू नका. एकोणीस वर्षे मी मध्य-पश्चिमेकडील अशाच एका लहान महाविद्यालयाच्या विद्यार्थी-कल्याण कार्यालयात काम केले, आणि असे अर्ज टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिले आहेत. ज्या मसुद्यांचे पुढे वाटोळे झाले त्यांतले बहुतेक मसुदे लिहिणारी मुले गुणीच होती, तेव्हा तो निकष बाजूला ठेवू.

डीनच्या कार्यालयातून मुलांना ‘हे मोठ्या विद्यापीठांचे काम आहे, इथले नाही’ असे ऐकवले गेल्याचे मसुद्याच्या प्रस्तावनेत आहे. हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. ग्रीक अक्षरांची पहिली मंडळी, फाय बीटा कॅपा, १७७६ च्या डिसेंबरात व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी या महाविद्यालयात जमली आणि पुढे तिचे रूपांतर गुणवंतांच्या सन्मान-संस्थेत झाले. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात १८२५ ते १८२७ या दोन वर्षांत तीन फ्रॅटर्निट्या निघाल्या. मुलींच्या बाजूला पाहिले तर इलिनॉयमधल्या मॉनमथ या छोट्या गावातील महाविद्यालयात १८६७ साली बारा विद्यार्थिनी एका घरी जमल्या आणि त्यातून पुढे पाय बीटा फाय उभी राहिली. या सर्व जागा आपल्या महाविद्यालयाहूनही लहान होत्या. ‘सोरॉरिटी’ हा शब्ददेखील त्या वेळी नव्हता. तो १८८२ मध्ये सिरॅक्यूजच्या एका लॅटिनच्या प्राध्यापकाने सुचवला, तोवर या मुलीही स्वतःच्या मंडळाला फ्रॅटर्निटीच म्हणत. तेव्हा आपल्या चौदा मुली काही जगावेगळे मागत आहेत असे मला वाटत नाही. शुक्रवारी संध्याकाळी अर्धा कॅम्पस घरी निघून जातो आणि उरलेल्यांनी आपापल्या खोलीत बसून राहायचे, ही त्यांची तक्रार पान दोनवर आहे, आणि ती खरी असणार.

अडचण मला पान तीनवर दिसली. तिथे मुलींनी लिहिले आहे की पहिल्या वर्षी वीस जणींना घ्यायचे आहे, आणि त्याखाली अभिमानाने जोडले आहे की ‘किमान साठ विद्यार्थिनी उत्सुक आहेत’. उरलेल्या चाळीस जणींचे काय, याविषयी अकरा पानांत एक ओळ नाही.

मोठ्या राज्य विद्यापीठात दहा-पंधरा सोरॉरिट्या असतात. मुली आपली पसंती क्रमाने लिहितात, सोरॉरिट्या आपली यादी करतात, आणि दोन्ही याद्या जुळवून निकाल लागतो. आपल्याकडच्या अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची आठवण यावी असाच तो प्रकार आहे. पहिल्या पसंतीचे दार बंद झाले तरी चौथ्या पसंतीचे उघडे असते, आणि एकही उघडले नाही तरी तीस हजारांच्या गर्दीत त्या मुलीला कोणी ओळखत नाही. साडेअकराशेंच्या कॅम्पसवर एकच सोरॉरिटी असेल तर दुसरी पसंती लिहायला जागाच नसते, आणि जिने नकार दिला ती दुसऱ्या दिवशी सकाळी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शेजारच्या बाकावर उभी असते.

हे मी पाहिलेले आहे. आमच्याकडे फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ‘बिड’ची, म्हणजे सदस्यत्वाच्या आमंत्रणाची, पाकिटे वाटली जात. पाकीट म्हणजे होकार, पाकीट नाही म्हणजे नकार. त्या दुपारी हिरवळीवर मुली पाकिटे फोडून धावत होत्या, एकसारखे टी-शर्ट स्वेटरवरूनच अंगात चढवत होत्या. मी नळ गळत असल्याची तक्रार आली म्हणून एका डॉर्मच्या तळघरातल्या लाँड्रीत उतरले, तर तिथे पहिल्या वर्षाची एक मुलगी ड्रायरमधून काढलेले चार टॉवेल घडी करून, पुन्हा उलगडून, पुन्हा घडी करत बसली होती. तिच्या रूममेटला पाकीट मिळाले होते. तिने मला एकच प्रश्न विचारला: डायनिंग हॉल आज किती वाजेपर्यंत उघडा आहे? सगळ्यांचे जेवण उरकल्यावर जाता यावे म्हणून. आमच्या कार्यालयाने त्या वर्षीच्या अहवालात ‘सदस्य-नोंदणी यशस्वी’ असे लिहिले, आणि ते वाक्य मीच टाइप केले होते.

म्हणून माझी पहिली अट अशी राहील की स्थापनेनंतरची निदान दोन वर्षे निवड हा प्रकारच नसावा. तीन सभांना जी आली आणि जिने वर्गणी भरली, ती सदस्य. मुली म्हणतील की मग यात ‘खास’ काय उरले. तसे म्हणाल्या तर त्यांना आपुलकी हवी आहे की उंबरठा हवा आहे, हे आपल्याला तिथेच कळेल. शिवाय पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींना पहिल्या सत्रात घेऊ नये. पुष्कळ लहान महाविद्यालये हा नियम पाळतात, आणि त्यामुळे निदान मैत्र्या आधी जुळतात व अक्षरे नंतर येतात.

लहान महाविद्यालयांत हा प्रश्न कुठवर गेला याची उदाहरणे आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात वरच्या वर्गातील बहुतेक मुले फ्रॅटर्निट्यांच्या घरांतच जेवत आणि पुष्कळ जण तिथेच राहत, त्यामुळे ज्याला कोणी घेतले नाही त्याचा जेवणाचाही प्रश्न येई. १९६२ साली महाविद्यालयाने ती घरे आणि ती जेवणे हळूहळू स्वतःच्या ताब्यात घ्यायचे ठरवले. मेन राज्यात कोल्बीने १९८४ मध्ये आणि बोडनने १९९७ मध्ये तसाच निर्णय घेतला. आपल्याच राज्यातल्या स्वॉर्थमोरची गोष्ट तर आपल्या मुलींनी मुद्दाम वाचावी. सुमारे सोळाशे विद्यार्थ्यांच्या त्या महाविद्यालयात १९३० च्या दशकात विद्यार्थिनींनी स्वतःच सोरॉरिट्या बंद केल्या, कारण ज्यू मुलींना त्यांत प्रवेश मिळत नव्हता. २०१३ मध्ये काही मुलींच्या खटपटीने एक सोरॉरिटी परत आली. २०१९ मध्ये तिथल्या एका फ्रॅटर्निटीच्या बैठकींची जुनी, किळसवाणी टिपणे बाहेर फुटली, विद्यार्थ्यांनी धरणे धरले, दोन्ही फ्रॅटर्निट्यांनी आपणहून विसर्जन जाहीर केले, आणि त्यानंतर महाविद्यालयाने फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी हा प्रकारच यापुढे नको असे ठरवले. टिपणे मुलांची होती, पण मुलींचेही दार त्यासोबत बंद झाले. म्हणून तेवीस जणांनी मिळून एकच अर्ज देणे मला शहाणपणाचे वाटत नाही. दोन अर्ज, दोन घटना, दोन हिशेब आणि दोन वेगळे सल्लागार असू द्या. मुलींच्या मंडळाला एखादी प्राध्यापिका मिळाली तर फारच उत्तम, आपण नऊ मुलांचे पाहा.

आता चौथ्या पानाकडे येते, कारण आपल्या पोटातला गोळा तिथलाच आहे. मुलांच्या मसुद्यात नव्या सदस्यांसाठी सहा आठवड्यांचा कार्यक्रम तक्त्यात मांडला आहे: संस्थेचा इतिहास, समाजसेवा, अभ्यासाचे तास, माजी विद्यार्थ्यांशी भेट. प्रत्येक चौकटीत वेळ, जागा आणि जबाबदार व्यक्ती लिहिली आहे. फक्त सहाव्या आठवड्यात ‘गुरुवार, रात्री दहा: परंपरा’ एवढेच आहे. जागा नाही, माणूस नाही. जी संस्था अजून जन्मालाच आली नाही तिची परंपरा कोणती, हा प्रश्न आपण गणिताचे प्राध्यापक असल्यामुळे आपल्याला सुचलाच असेल.

रॅगिंग आणि हेझिंग यांत एक फरक आहे आणि तो ध्यानात ठेवायला हवा. आपल्याकडे मुलगा वसतिगृहात पाऊल ठेवतो एवढ्यावरून त्याला रॅगिंग सोसावे लागते, त्याने काही मागितलेले नसते. महाराष्ट्राने १९९९ साली त्याविरुद्ध कायदा केला, २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले, आणि आता विद्यार्थी व पालक दोघांनाही दरवर्षी हमीपत्र भरावे लागते. हेझिंगमध्ये मुलगा आपण होऊन दारात उभा असतो. त्याला आत यायचे असते, आणि म्हणून तो ‘नाही’ म्हणत नाही. आतल्यांच्या मनात हिशेब असतो की आम्ही सोसले, आता तुम्ही सोसा, म्हणजे तुम्हाला सदस्यत्वाची किंमत कळेल. बाहेरून ते संमतीने चालल्यासारखे दिसते, आणि त्यामुळेच रॅगिंगपेक्षा ते ओळखणे अवघड जाते.

आपल्याच राज्यात, पेन स्टेटमध्ये, २ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री बीटा थीटा पायच्या घरात नव्या मुलांच्या स्वागताचा कार्यक्रम होता. ही फ्रॅटर्निटी १८३९ मध्ये ओहायोतल्या मायामी विद्यापीठात निघालेली, आणि तिचे ते घर कागदोपत्री दारूमुक्त होते. १९ वर्षांचा टिमोथी पियाझा भरपूर दारू पाजली गेल्यावर तळघराच्या जिन्यावरून पडला. घर मुलांनी भरलेले असूनही मदतीसाठी फोन जायला सुमारे बारा तास लागले, आणि दोन दिवसांनी तो गेला. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियाने त्याच्या नावाने कायदा केला. त्यानुसार ‘त्याची संमती होती’ हा बचाव चालत नाही, आणि जो वेळेवर मदत बोलावतो त्याला संरक्षण मिळते. डिसेंबर २०२४ मध्ये संघराज्य पातळीवरही कायदा झाला असून प्रत्येक महाविद्यालयाला हेझिंगच्या घटनांची आकडेवारी जाहीर करावी लागते, मग त्या मंडळाला महाविद्यालयाची मान्यता असो वा नसो. त्यामुळे ‘डीनने नाकारले तर आम्ही बाहेर घर भाड्याने घेऊन चालवू’ अशी पळवाट कोणी सुचवली, तर तीही कायद्याच्या नजरेतून सुटत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो तक्ता सुधारण्यापेक्षा सोपा आहे: तक्ताच काढून टाकायला सांगा. ‘नवा सदस्य’ ही वेगळी पायरी नको. ज्या दिवशी मुलगा आला त्या दिवसापासून त्याला मत, किल्ली आणि जुन्यांइतकेच काम. हे माझे स्वप्नरंजन नाही. सिग्मा अल्फा एप्सिलॉन या मोठ्या राष्ट्रीय फ्रॅटर्निटीने अनेक मृत्यूंनंतर २०१४ मध्ये उमेदवारीचा काळच रद्द केला. ज्यांच्याकडे दीडशे वर्षांची परंपरा होती त्यांना ती सोडावी लागली, तर नऊ मुलांनी ती नव्याने कशाला सुरू करावी?

राष्ट्रीय संघटनेशी आत्ताच जोडून घ्यावे की स्थानिक मंडळ म्हणून सुरुवात करावी, यावर मुलांचा ओढा पहिल्याकडे दिसतो, आणि एका संघटनेचा प्रतिनिधी त्यांना कॉफीला भेटूनही गेला आहे. प्रतिनिधीने सांगितलेले फायदे खोटे नाहीत. माजी सदस्यांचे जाळे, प्रशिक्षण आणि विमा हे सगळे मिळते. पण त्या विम्याची गोम अशी आहे की संघटनेचे नियम मोडून काही घडले तर संरक्षण बहुधा संघटनेपुरते उरते आणि नियम मोडणारा विद्यार्थी त्यातून वगळला जाऊ शकतो. अशा वेळी नुकसानभरपाईचा दावा आईवडिलांच्या घरविम्यापर्यंत पोहोचल्याची प्रकरणे झाली आहेत. वर्गणीतला एक भाग मुख्यालयाला जातो, आणि नऊ जणांच्या चॅप्टरला, म्हणजे स्थानिक शाखेला, ठरावीक खर्च नव्वद जणांच्या चॅप्टरपेक्षा जड जातो, हे आपण त्यांना फळ्यावर मांडून दाखवू शकाल. मुलींच्या बाबतीत आणखी एक बाब आहे. १९०२ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय पॅनहेलेनिक परिषदेत २६ सोरॉरिट्या आहेत. तिच्या नियमांतून येणारी स्थानिक परिषद दोन किंवा अधिक चॅप्टर असतील तेव्हाच उभी राहते. एकट्या चॅप्टरवर लक्ष ठेवायला बरोबरीचे कोणी नसते.

स्थानिक मंडळाचा मार्ग मला बरा वाटतो, मात्र त्यातही एक खाच आहे. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यातून फक्त मुलांच्या किंवा फक्त मुलींच्या संघटनांना १९७४ मध्ये जी सूट मिळाली, ती करमुक्त दर्जा असलेल्या सामाजिक फ्रॅटर्निटी-सोरॉरिट्यांना आहे. चर्चामंडळ किंवा स्वयंपाकमंडळ काढून ते ‘फक्त मुलींसाठी’ म्हणता येणार नाही. तेव्हा एकतर तो दर्जा रीतसर मिळवावा लागेल, नाहीतर दार सर्वांना उघडे ठेवावे लागेल. महाविद्यालयाच्या वकिलांकडून हे लेखी घ्या, मुलांच्या गूगल शोधावर विसंबू नका.

चौदांपैकी तीन मुली भारतीय वंशाच्या आहेत आणि त्यांना दक्षिण आशियाई सोरॉरिटी हवी आहे, असे आपण ताजा कलममध्ये लिहिले आहे. अशा संघटना आहेत: सिग्मा सिग्मा ऱ्हो न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात आणि डेल्टा फाय ओमेगा ह्यूस्टन विद्यापीठात, दोन्ही १९९८ मध्ये निघाल्या. त्यांचे चॅप्टर लहान असू शकतात, त्यामुळे आकाराने त्या आपल्या कॅम्पसला मानवतील. पण तीन जणींवर चॅप्टर उभा राहत नाही, आणि त्या तिघी बाजूला झाल्या तर बाकीच्या अकरांचे मंडळ आपोआप कसे दिसेल याचाही विचार त्यांनी करावा. ‘आपली मुले असले काही करत नाहीत’ या समजुतीवर मात्र कोणी जाऊ नये. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजातला एक १९ वर्षांचा मुलगा आशियाई-अमेरिकी फ्रॅटर्निटीच्या सहलीत आपल्याच राज्यातल्या पोकोनो डोंगरांत मारहाणीत गेला, आणि पुढे त्या संघटनेला पेनसिल्व्हेनियातून दहा वर्षांसाठी बाहेर काढण्यात आले.

आता थोडे आपल्याविषयी. विद्यार्थी-मंडळाचा सल्लागार झालात की संघराज्याच्या क्लेरी कायद्यानुसार आपण गुन्ह्यांची माहिती कळवण्यास बांधील असलेल्यांत मोडता. एखाद्या मुलाने विश्वासाने काही सांगितले आणि ते त्या कक्षेत बसत असेल, तर आपल्याला ते पोटात ठेवता येणार नाही, आणि हे आपण मुलांना पहिल्याच सभेत सांगून टाकावे. सहीपूर्वी डीनकडून एक पत्र घ्या: सल्लागार म्हणून काम करताना महाविद्यालयाचा विमा आपल्याला लागू आहे का, आणि हे काम टेन्युअरच्या फाइलमध्ये सेवा म्हणून धरले जाईल का. दोन्ही प्रश्नांना ‘बघू’ असे उत्तर आले, तर सहकाऱ्यांचे म्हणणे ऐका. पत्नीला माझा नमस्कार सांगा. मुलांचा हिरमोड होऊ नये हे त्यांचे म्हणणे मला पटते, पण ज्या चाळीस जणी अर्ज घेऊन आपल्याकडे आल्याच नाहीत, त्यांचाही हिरमोड त्यात धरावा.

मुलांशी बोलताना युनियन कॉलेजचा दाखला जरूर द्या. ज्याला फ्रॅटर्निट्यांची जननी म्हणतात त्या महाविद्यालयाने २००४ मध्ये मिनर्व्हा नावाची घरे सुरू केली. प्रत्येक विद्यार्थी आणि प्रत्येक प्राध्यापक कुठल्या ना कुठल्या घराशी जोडलेला असतो, त्यासाठी कोणाला पाकिटाची वाट पाहावी लागत नाही. फ्रॅटर्निट्याही तिथे त्यानंतर राहिल्या. आपल्या डीननी असे एखादे रिकामे घर आणि थोडा निधी द्यायची तयारी दाखवली, तर या तेवीस जणांतले निम्मे अर्ज विसरून पडदे निवडायला जातील, असा माझा अंदाज आहे.

मसुदा परत देताना दुरुस्त्या स्वतः लिहू नका. चौथ्या पानावरच्या त्या गुरुवारभोवती पेन्सिलीने एक वर्तुळ करा, बाजूला ‘जागा? जबाबदार व्यक्ती? काय करणार?’ एवढेच लिहा आणि सोमवारपर्यंत भरून मागा. तिसऱ्या पानावर साठांतून वीस वजा करून उत्तर समासात मांडा. सोमवारी काय भरून येते ते मला कळवा.